हातची काठी

काठी हा शब्द मराठींत नुसत्या लांकडापुरता राहिलेला नाहीं. एकुलत्या एका मुलास आपण ‘आंधळ्याची काठी’ म्हणतों, कर्त्या पुत्रास ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतों. देवाच्या काठीला आवाज नसतो, आणि काठी मारल्यानें पाणी दुभंगत नाहीं, हें तर आजीच्या तोंडून प्रत्येकानें ऐकिलेलें असतें. वर्षप्रतिपदेस आपण काठीलाच वस्त्र नेसवून तिची पूजा करितों. शब्दाची कुळीही जुनी आहे. संस्कृत ‘काष्ठ’ यापासून काठी निघाली, आणि ‘यष्टि’ शब्दांतील यकाराचा प्राकृतांत लकार होऊन ‘लट्ठी’ व पुढें ‘लाठी’ झाली. म्हणजे काठी व लाठी या दोघी दिसावयास बहिणी, पण घराणीं निराळीं.

या सदरांत गेल्या खेपेस घरच्या घरीं वही बांधण्याचा विचार झाला. तो वाचून कांहीं वाचकांनीं विचारिलें कीं, लांकडाचें एखादें काम घरांतील मुलांस शिकवितां येईल काय? या प्रश्नास मला हातांत धरावयाच्या काठीहून चांगलें उत्तर सुचत नाहीं. तिला जागा लागत नाहीं, हत्यारें थोडीं लागतात, लांकूड परसांत मिळतें, आणि ती तयार झाल्यावर तिची वाट पाहणारें माणूस बहुधा त्याच घरांत असतें.

या शेवटच्या गोष्टीकडे मी वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. घरांतील वडील माणसाचें पाऊल अडखळूं लागलें म्हणजे मुलगा बाजारांतून काठी आणितो, आणि ती काठी दारामागें छत्रीशेजारीं उभी राहते. आजोबा भिंतीला हात लावून चालतात, आजी पदर सांवरीत उंबऱ्याशीं थांबतात. पण काठीस कोणी शिवत नाहीं. यांत नुसता हट्ट नाहीं. विकत आणलेली काठी हा त्यांस एक निकाल वाटतो, आणि तो त्यांच्या गैरहजेरींत दिलेला असतो. इकडे पडण्याचें भय तर खरें असतें. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें कीं पुष्कळांस पूर्वीसारखें चालणें पुन्हां साधत नाहीं. ओळखीच्या एका घरीं अशीच एक काठी वर्षभर कोपऱ्यांत पडून होती. मग नववींतल्या नातवानें पेरूच्या फांदीची काठी केली, आणि मुठीखालीं चार पानें कोरलीं. ती काठी घेऊन आजीबाई देवळांत गेल्या, आणि वाटेंत भेटलेल्या प्रत्येकीस त्यांनीं ती दाखविली. काठी तीच, आधार तोच. पण एक निकाल होता, दुसरी भेट होती.

आपल्याकडील सुशिक्षित घरांत दुसरी एक अडचण आहे, ती मोकळेपणानें सांगितलेली बरी. ‘आपल्या मुलांनीं हातांत हत्यार कशास धरावें? तें सुताराचें काम’, असें अजूनही कोठें कोठें ऐकूं येतें. ज्यांस आपल्या विद्येचा अभिमान आहे त्यांनीं वेदाचीच भाषा पाहावी. सुतारास ऋग्वेदांत ‘तक्षन्’ म्हटलें आहे, आणि सुतार रथ घडवितो त्या क्रियेस लावलेला ‘तक्ष्’ हाच धातु ऋषींनीं आपल्या सूक्तरचनेसही लाविला आहे. सूक्त तासून घडविण्यांत ज्यांस कमीपणा वाटला नाहीं, त्यांच्या वंशजांस काठी तासण्यांत कां वाटावा? १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योगाच्या पायावर शिक्षण उभारण्याचा विचार मांडला, त्याच्या तपशिलाविषयीं मतभेद असतील. परंतु ज्याच्या हातानें कधीं लांकूड घडविलें नाहीं त्याची बुद्धि एका अंगानें उपाशी राहते, हें शाळेंत वर्षें काढलेला कोणीही शिक्षक सांगेल.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत मुंजीच्या वेळीं बटूनें धरावयाच्या दंडाचें वर्णन आहे. तेथील वर्णपरत्वें सांगितलेले लांकडाचे व उंचीचे भेद आपण बाजूस ठेवूं. आपल्या कामीं त्यांचें प्रयोजन नाहीं. पण सर्वच दंडांस लागू अशीं जीं सहा लक्षणें पुढें दिलीं आहेत, तीं एखाद्या जाणत्या कारागिरानेंच सांगितल्यासारखीं आहेत. दंड सरळ असावा, व्रणरहित असावा, पाहण्यास सौम्य असावा, कोणास भय वाटूं नये असा असावा, सालीसह असावा, आणि अग्नीनें बिघडलेला नसावा. हीं सहा लक्षणें हाच आपला आजचा पाठ.

सरळपणा व निर्व्रणता हीं झाड निवडतांनाच साधावयाचीं असतात. नवशिक्यास पेरूसारखें लांकूड नाहीं. तें चिवट, बारीक रेषेचें व कठीण असून साल गुळगुळीत असते, आणि परसांतील पेरूची छाटणी तर दरवर्षीं होतच असते. बोर व बाभूळ हींही मजबूत. मात्र बाभळीच्या कांट्यांची तयारी ठेवावी. साग टिकाऊ खरा, पण त्याची बारीक काठी उभ्या रेषेंत असेल तरच विश्वासाची. शिसवीचें लांकूड देखणें आणि जड. त्याची मूठ करावी, सबंध काठी नको. कोंकणांतल्या वाचकांस माणगा नांवाचा बहुतेक भरीव असणारा बांबू मिळेल. काठीस तो उत्तम, पण त्यावर कोरीव काम होत नाहीं. पांगारा, सांवर व शेवगा यांचें लांकूड मऊ असतें. सावंतवाडीचीं रंगीत खेळणीं पांगाऱ्याचीं होत आलीं, तीं याच मऊपणामुळें. त्याच्या तुकड्यावर मुलांनीं कोरण्याचा सराव अवश्य करावा. परंतु माणसाचा भार त्यावर कधींही टाकूं नये. कण्हेर सर्वांगीं विषारी आहे आणि बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणितो. हीं दोन झाडें मुलांस आधीं ओळखावयास शिकवावीं, आणि मगच कोयती त्यांच्या हातीं द्यावी.

फांदी अंगठ्याहून जाड, वरच्या टोंकास सव्वा इंच व खालीं एक इंच अशी पाहावी. सोलून व वाळून ती थोडी बारीक होते. लांबी लागणार त्याहून पांच-सहा इंच अधिक ठेवावी. जाड फांदीला फुटलेला सरळ धुमारा सांपडला, तर जाड फांदीचा चार-पांच इंचांचा तुकडा त्याच्यासह कापून घ्यावा. मग धुमाऱ्याची काठी व जाड तुकड्याची आडवी मूठ एकाच लांकडाची होते, आणि सांधा करण्याची विवंचनाच उरत नाहीं. दुसऱ्याच्या आवारांतील किंवा रस्त्याकडील झाडास हात लावूं नये. महाराष्ट्रांत वृक्षतोडीसंबंधीं १९६४ चा आणि नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाविषयीं १९७५ चा कायदा आहे. छाटणींत पडलेल्या फांद्या एखाद्या बागवानाकडे मागितल्या तर तो आनंदानें देतो.

कापण्याचा काळ हिंवाळ्याचा. त्या वेळीं झाडाची वाढ मंदावलेली असते, त्यामुळें साल लांकडास घट्ट धरून राहते; पावसाळ्यांत कापलेल्या फांदीची साल सैल होऊन सुटते. बांबू तर हिंवाळ्यांतच तोडावा, आणि कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवून मग सांवलींत वाळवावा. ज्या पिष्टद्रव्यासाठीं किडा बांबूंत शिरतो, तें पाण्यांत बरेंचसें निघून जातें. संस्कृतांत दंडापूपन्याय म्हणून एक न्याय आहे: उंदरानें काठीच खाल्ली, तर तिला बांधलेल्या घारग्या राहिल्या असतील काय? तसें येथें समजावें. लांकूडच किडलें, तर त्यावरील नक्षीची वार्ता कशास!

यानंतर जें काम येतें, त्यांत हातास कांहींच करावयाचें नसतें, आणि म्हणूनच तें मुलांस सर्वांत कठीण जातें. तें काम म्हणजे थांबणें. ओल्या लांकडाची काठी वाळतांना वांकते, तडकते व आटते. लांकूड लांबींत जवळजवळ आटत नाहीं. पण वर्तुळाच्या परिघाच्या दिशेनें तें जितकें आटतें, तें गाभ्याकडून सालीकडे आटण्याच्या सुमारें दुप्पट असतें. या विषमतेमुळेंच गोल लांकडास उभी भेग पडते. शिवाय ओल कापलेल्या टोंकांतून फार झपाट्यानें निघून जाते. यास्तव कापल्याबरोबर दोन्ही टोंकांस मेण किंवा रंग लावावा, साल काढूं नये, आणि चार-पांच काठ्या एकत्र घट्ट बांधून माळ्यावर, ऊन न लागेल अशा जागीं आडव्या ठेवाव्या. एक इंच जाडीस एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. घाई करणाऱ्यानें दर महिन्यास काठी तोलून वजन वहींत टिपावें. लागोपाठ दोन-तीन महिने वजन उतरलें नाहीं म्हणजे काठी वाळली. वाट पाहण्याचाही असा अभ्यास होतो.

वाळलेल्या काठींत थोडा बांक राहिला, तर तो उष्णतेनें काढितां येतो. वाफेनें लांकूड मऊ पडतें. रुंद तोंडाच्या पातेल्यांत पाणी उकळीत ठेवून बांक आलेला भाग जाड फडक्यानें झांकून वाफेवर धरावा. इंचाच्या जाडीस सुमारें तासभर लागतो. मग गुडघ्यावर हळुहळू उलट दिशेस वांकवून, सरळ फळीस बांधून, पुरतें निवेपर्यंत तसेंच ठेवावें. बांबू मात्र आंचेवरच शेकून सरळ करितात. येथें स्मृतींतील ‘अग्नीनें न बिघडलेला’ या लक्षणाची आठवण ठेवावी. जळलेला ठिपका दिसावयास लहान, पण तेथील धागा ठिसूळ झालेला असतो, आणि काठी मोडली तर तेथेंच मोडते.

हत्यारें अशीं: एक बारीक दातांची करवत, एक जाड पात्याचा चाकू, अर्ध्या इंचाची पटाशी, एक लांकूडकामाची कानस, काचकागदाचे दोन-तीन नंबर, आणि धार लावण्यास निसणा. यांतील निसणा सर्वांत महत्त्वाचा. बोथट चाकूस जोर लागतो, जोरानें तो घसरतो, आणि बोट कापतें तें धारेनें नव्हे, जोरानें. चाकू नेहमीं अंगापासून दूर चालवावा, काठी धरलेला हात पात्याच्या मागें असावा, आणि बारा वर्षांच्या आंतील मुलाशेजारीं वडील माणसानें बसावें.

आतां नक्षीकाम. नवशिक्याचें मन एकदम सिंहाच्या मुखाकडे धांवतें. तें आवरावें. स्मृतिकारांनीं दंडास जें सौम्यदर्शन सांगितलें आहे, त्याचा व्यवहारांत अर्थ एवढाच कीं, सिंहाचे कान व दात तळहातास बोंचतात. मूठ गुळगुळीत हवी. नक्षी तिच्याखालच्या सहा-आठ इंचांत असावी. प्रथम सालीवरच काम करावें. सालीसह दंडाची जी थोरवी सांगितली आहे, ती हातांत चाकू घेतल्यावर कळते. काठीभोंवतीं कागदाची पट्टी तिरपी गुंडाळून तिच्या दोन्ही कडांनीं पेन्सिलीची रेघ ओढावी, रेघेवर चाकूचा उभा छेद द्यावा, आणि दोन छेदांमधील साल अलगद सोलून काढावी. आंतलें फिकट लांकूड व बाहेरची गडद साल यांची वेलीसारखी वळत जाणारी जोडी पहिल्याच दिवशीं इतकी सुरेख दिसते कीं, मुलास हुरूप येतो.

दुसऱ्या काठीवर पानें, कमळाच्या पाकळ्या किंवा नुसते त्रिकोण कोरावे. रीति एकच: आधीं उभा छेद, नंतर त्याच्याकडे येणारा तिरपा छेद, म्हणजे मधली कपची आपोआप सुटते. उभा छेद दिल्यावांचून तिरपा देऊं नये, नाहीं तर चाकू पुढें पळून पाकळी फोडतो. लांकडाची रेषा पाहून हत्यार चालवावें. रेषा ज्या बाजूस उतरते त्या बाजूस काप गुळगुळीत येतो, उलट चालविल्यास लांकूड फाटतें. गाठ आली तर तिच्याशीं झगडूं नये. तिला फुलाचा मध्य करावें.

खोली किती असावी, याचें उत्तर गणितांत आहे. गोल काठीचें वांकण्याविरुद्ध असणारें बळ तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणें असतें. सुताराच्या हिशेबीं एक इंच म्हणजे आठ सूत. एक इंच व्यासाच्या काठीभोंवतीं आपण हौसेनें अर्धा सूत खोल अशी पूर्ण खांच पाडिली, तर तेथें व्यास सात सूत उरला. आठांचा घन ५१२, सातांचा ३४३. म्हणजे डोळ्यांस नखाएवढी दिसणारी ती खांच काठीचें एक तृतीयांश बळ घेऊन गेली. एतावता, सबंध वेढा घालणारी खोल खांच कोठेंही नको. नक्षी उथळ, तुटक, आणि काठी जेथें जाड असेल तेथेंच. मधला व खालचा भाग कोराच राहूं द्यावा. तोही एक शोभेचाच प्रकार आहे.

मूठ निराळी बसवावयाची असेल, तर ती चार-साडेचार इंच लांब, आडवी व पाठीस किंचित् रुंद करावी, म्हणजे भार सगळ्या तळहातावर पसरतो. बोटांचे सांधे दुखणाऱ्या माणसास लहान गोल मुठीपेक्षां ही फार बरी. मुठींत दीड इंच खोल भोंक पाडून काठीचें टोंक त्यांत घट्ट बसेल असें तासावें, आणि सरस लावून एक दिवस दाबून ठेवावें. तासलेला भाग व मुठीची बैठक यांमध्यें फट दिसली तर काम पुन्हां करावें; भिंतीवरील चित्रांतील फट खपते, आधारांतील खपत नाहीं.

उंचीचें माप घेणें हा या सर्व कामाचा गाभा होय. ज्यांच्यासाठीं काठी करावयाची, त्यांनीं नेहमींची वहाण घालून सरळ उभें राहावें, हात मोकळे सोडावे. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत जी उंची, तीच काठीची मुठीसकट उंची. काठी टेकली असतां कोपर किंचित् वांकलेलें राहिलें पाहिजे. काठी उंच झाली तर खांदा चढतो, ठेंगणी झाली तर पाठ वांकते. अर्धा इंच अधिक ठेवावा, दोन दिवस वापरून पाहावी, मग कापावी. कापलेलें जोडतां येत नाहीं. खालीं पितळेची शेंबी बसवून तिच्यावर रबरी टोपण घालावें. तें औषधांच्या दुकानांत मिळतें. टोपणाचे खांचे झिजून तें गुळगुळीत झालें कीं ताबडतोब बदलावें, कारण ओल्या फरशीवर सगळा भरंवसा त्या दोन बोटें रुंदीच्या रबरावर असतो.

शेवटीं काचकागदानें आधीं जाड, मग बारीक, असें रेषेच्या दिशेनें घासून जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्यावे; प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. मुठीवर झगझगीत रोगण नको, घामानें हात सरकतो. एक सूचना मात्र अत्यंत महत्त्वाची आहे. जवसाच्या तेलानें भिजलेलें फडकें चुरगळून टाकलें, तर तेल वाळतांना होणाऱ्या उष्णतेनें तें आपोआप पेट घेऊं शकतें. तें पाण्यांत भिजवून ठेवावें, किंवा बाहेर उलगडून वाळत घालावें. अग्नीपासून जपण्याचें लक्षण दंडापुरतेंच नव्हे, घरासही लागू आहे.

काठी हातीं देण्यापूर्वीं करणाऱ्यानें तिच्यावर आपला सगळा भार टाकून पाहावा. जी मुलाच्या विश्वासास उतरत नाहीं, ती आजोबांच्या हातीं कशी द्यावी? आणि देतांना दोन गोष्टी समजावून सांगाव्या. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, त्याच्या उलट हातांत धरावयाची, आणि दुखरा पाय व काठी बरोबर पुढें टाकावयाचीं. जिना चढतांना आधीं चांगला पाय, उतरतांना आधीं काठी व दुखरा पाय. शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर चालावयास लागलेल्यांनीं वैद्यांच्या सांगण्याप्रमाणें, उंची कमीअधिक करितां येणारी धातूची काठीच वापरावी. घरच्या काठीचा मान त्यानें कमी होत नाहीं. तिची पाळी पुढें येते.

आज ‘म्हातारपणाची काठी’ म्हणून ज्यांकडे पाहिलें, ते पुत्र पुष्कळ घरांतून दूरदेशीं नोकरीस असतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. पण घरीं जीं नातवंडें आहेत, त्यांच्या हातून एक वर्ष खर्चून, वाट पाहून, मनगटाचें माप घेऊन झालेली काठी घरांत असणें, ही लहान गोष्ट नव्हे. शेंबीच्या चार बोटें वर, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं, तेथें करणाऱ्यानें आपलें नांव व तिथि बारीक अक्षरांत कोरावी. येत्या हिंवाळ्यांत पेरूची छाटणी होईल, तेव्हां दोन सरळ फांद्या बाजूस काढून ठेवाव्या: एक आजोबांसाठीं, आणि एक तडकली तर हाताशीं असावी म्हणून.